उन्हाळ्याची राखण

कतारच्या दोह्यातल्या मराठी घरांत म्हातारी माणसं येतात ती थंडीत. फराळाचे डबे भरून, खोक्यांना सुतळीचे वेढे घालून आजी-आजोबा विमानतळावर उतरतात. मग त्यांना समुद्रकाठच्या कॉर्निशवर फिरवायचं, वाळवंटातला सूर्यास्त दाखवायचा, मंडळाच्या हळदीकुंकवात मिरवायचं आणि ऊन डोळे वटारायच्या आत मायेनं परत पाठवायचं, अशी इथली रीत. शशिकलाबाई मात्र जूनमध्ये यायच्या. बाकीच्यांच्या आया केव्हाच परतलेल्या असायच्या, मंडळाला सुट्टी लागलेली असायची, बागेतले बाक तापून ओस पडलेले असायचे, आणि या नाशकाहून लेकाच्या बोलावण्यावरून पापडांचा डबा मांडीवर घेऊन यायच्या.

"अहो, पण तिथं आता भट्टी पेटलेली असेल," शेजारीण म्हणायची.

"भट्टी बाहेर. घरात मला शाल लागते," शशिकलाबाई म्हणायच्या. "आणि लेकाला आईची आठवण कधी यावी, हे काय हवामान खात्याला विचारायचं?"

शेजारीण विषय बदलायची. शशिकलाबाईंना वाटायचं, आपण जिंकलो.

थंडीतही त्या एकदा येऊन गेल्या होत्या. तेव्हा लेक धवल गावातल्या अल नस्रमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. खाली चहाचं दुकान, दिवसभर गाड्यांचे हॉर्न, दोनच खोल्या. त्या बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायच्या आणि लहानगी नात गार्गी पहाटे येऊन त्यांच्या पांघरुणात शिरायची. त्या घराला सुट्टीत कुलूप घातलं आणि किल्ली वॉचमनकडे टाकली की झालं. पुढं धवलनं दोह्याच्या उत्तरेला लुसैलला स्वतःचं घर घेतलं. खाली-वर दोन मजले, पश्चिमेला भिंतभर काच, मागं हिरवळीचा पट्टा आणि सुनेनं, नुपूरनं, जीव टाकून निवडलेली लाकडी फरशी. त्या वर्षापासून शशिकलाबाईंचा महिना बदलला.

का बदलला, ते धवलनं नीट समजावलं होतं. "आई, इथं स्वतःचं घर म्हणजे तान्हं मूल असतं बघ. उन्हाळ्यात एकटं टाकून जाता येत नाही. एसी बंद ठेवला तर भिंतींना घाम फुटतो, कपाटांना बुरशी येते. चालू ठेवून गेलो आणि मध्येच बंद पडला तर? आपल्या घरात आपलं माणूस असलेलं बरं."

आपलं माणूस. नवरा गेल्यापासून शशिकलाबाईंना कुणी आपलं माणूस म्हटलं नव्हतं. तेवढे दोन शब्द त्यांनी पदराच्या गाठीला बांधून ठेवले.

या वर्षीही सगळे सुट्टीवर निघायच्या सकाळी नुपूर त्यांना घरभर फिरवत होती. एकीकडे पासपोर्ट चाचपत होती, एकीकडे सांगत होती.

"आई, रिकाम्या खोल्यांचे एसीसुद्धा बंद करायचे नाहीत हं. चोवीसवर असू देत. फिल्टर अधूनमधून धुवायचे, धुळीचं वादळ झालं की लगेच. खालच्या बाथरूममध्ये कुणी जात नाही, तिथल्या जाळीत तांब्याभर पाणी ओतत राहा, नाहीतर गटाराचा वास वर चढतो. दुपारी पश्चिमेचे पडदे ओढलेले. आणि..." ती थांबली, जरा हसली. "संध्याकाळचं दार."

"लक्षात आहे गं माझ्या."

लक्षात न राहून कसं चालेल? दिवेलागणीला देवापुढं निरांजन लावलं की पुढचं दार उघडायचं, ती वेळ लक्ष्मीच्या येण्याची, हे शशिकलाबाईंच्या हाडात मुरलेलं. इथल्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी तेच केलं. रोज तिन्हीसांजेला दार उघडं टाकून हात जोडून उभ्या राहायच्या. समुद्रावरची दमट हवा उंबरा ओलांडून आत यायची आणि गारठलेल्या भिंतींना जाऊन बिलगायची. ऑगस्ट सरेपर्यंत कपाटामागं काळी नक्षी उठली, फरशीची एक कड फुगून वर आली. नुपूर रागावली नाही. रागावली असती तर शशिकलाबाईंना रडता तरी आलं असतं. तिनं माणूस बोलावून फरशी नीट करून घेतली आणि आतून दारावर, अख्खा हॉलही दिसेल असा, कॅमेरा बसवला. "सेफ्टीसाठी हो, आई," म्हणाली. तेव्हापासून शशिकलाबाई निरांजन लावायच्या, बंद दाराशी उभ्या राहायच्या आणि लक्ष्मीला मनातल्या मनातच या म्हणायच्या.

जिन्यावरून गार्गी धाडधाड उतरली. आता ती खांद्याला लागत होती. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं.

"आजी, माय डान्स इज ऑन दिवाळी. मंडळाच्या स्टेजवर. यू हॅव टू कम!"

"येईन कशाला? मी इथंच असेन तेव्हा."

"प्रॉमिस?"

"तुझ्या बाबाला विचारते थांब."

धवल दारात गुडघ्यावर बसून बॅगेची चेन ओढत होता. शशिकलाबाई त्याच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या. बोलायचं त्यांनी नाशकापासून घोळवून आणलं होतं.

"धवल, या खेपेला मी दिवाळीपर्यंत राहू का रे? व्हिसा वाढतो म्हणतात. पोरीचा पहिलाच नाच आहे. आणि मला एकदा तुम्ही सगळे घरात असताना या घरात राहायचंय."

चेन अडकली होती. धवल तिच्याशीच झटत होता. "बघू गं," तो म्हणाला.

शशिकलाबाई खुशीत आत वळल्या. धवल लहान असताना त्याच्या क्रिकेटच्या बॅटला, सहलीला, नव्या बुटांना त्याही आधी 'बघू'च म्हणायच्या आणि मग पोटाला चिमटा काढून प्रत्येक वेळी ते खरं करायच्या. त्यांच्या घरात 'बघू' म्हणजे हो असायचं.

मग गाडी गेली आणि घर आणि त्या, दोघंच उरली.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. पहाटे, उजेड फुटायच्या आत, त्या हिरवळीला पाणी द्यायच्या. सूर्य वर आला की पाणी मुळांना पोचायच्या आधी वाफ होऊन जायचं. उन्हाळ्यात इथं नळांचीही अदलाबदल होते. गच्चीवरच्या टाकीत पाणी कढतं आणि थंड नळाला हात लावला की चटका बसतो. म्हणून गिझर बंद ठेवायचा, म्हणजे त्याच्या पोटात साठलेलं पाणी घरातल्या गारव्यानं निवतं, आणि आंघोळीला घ्यायचं ते गरम नळाचं. पहिल्या वर्षी त्यांना याचं फार हसू आलं होतं. आता हात आपसूक लाल खुणेकडे जायचा.

जुलैत उत्तरेचा वारा सुटला. आभाळ मातकट झालं, समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. शशिकलाबाईंनी ओले पंचे पिळून दारांच्या फटींना लावले, खिडक्यांच्या खाचा चमच्यानं कोरून पुसल्या, फिल्टर न्हाणीत नेऊन लुगडं धुवावं तसे धुतले. काम करताना आईच्या जात्यावरचा सूर आपोआप ओठांवर यायचा. जातं नव्हतं, तर शब्द तरी जुने कशाला? त्या नवे जुळवायच्या.

बाहेर पेटला वणवा, आत पौषाचा गारवा,
लेकाच्या गं दारावर, देवा पहारा असावा.

दुपारी पडदे ओढलेल्या हॉलमध्ये बसून त्या शिवत. स्वतःची डाळिंबी नऊवारी कापून त्यांनी गार्गीच्या नाचासाठी बेतली होती. कमरेशी चार बोटं जास्तीचं कापड आत दुमडून घेतलं. दिवाळीपर्यंत पोर वाढेल, मापाला घेऊ तेव्हा उसवू, असा हिशेब.

धवलचा फोन यायचा. कधी बर्फाच्या डोंगरावरून, कधी कुठल्याशा तळ्याकाठून.

"आई, सगळं ठीक ना? हिरवळ जळली नाही ना?"

"हिरवीगार आहे."

"पाण्याची मोटर आवाज करत होती, ती?"

"आता नाही करत."

"वा! चल, ठेवतो. इथं रेंज जाते. जेवलीस ना?"

"जेव..." म्हणेपर्यंत रेंज गेलेली असायची. तरी त्या फोनकडे बघून उरलेलं वाक्य पुरं करायच्या.

ऑगस्ट आला तसा वारा पडला आणि दमटपणा दाटला. त्याला इथले लोक रतूबा म्हणतात. बाहेरून काचांवर पाण्याचे ओघळ धावू लागले, जसं काही घरच आतून रडतंय आणि डोळे मात्र बाहेरच्या बाजूला आहेत. अशाच एका सकाळी शशिकलाबाईंना उठवेना. सांधे ठणकत होते, दातावर दात वाजत होते. कशाबशा जिना उतरून त्या चहा करायला खाली आल्या, पण ओट्यापर्यंत पोचल्याच नाहीत. हॉलच्या सोफ्यावर टेकल्या. वरून एसीचा झोत अंगावर येत होता, हाडात सुया टोचाव्यात तसा. त्यांनी रिमोट शोधला, एसी बंद केला, सोफ्यावरची चादर अंगाभोवती लपेटली आणि डोळे मिटले.

फोन वाजला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

"आई, हॉलचं टेंपरेचर तीसच्या वर दाखवतंय मला इथं ॲपवर. दार उघडलंस का?"

"नाही रे. मीच बंद केला एसी. थंडी वाजतेय मला. ताप आहे बहुतेक, अंग नुसतं मोडून आलंय."

"अगं मग वर जाऊन झोप ना. हॉलचा बंद नको ठेवूस, या दिवसांत फरशी लगेच फुगते. नुपूरचा जीव आहे तिच्यात, तुला माहितीय."

"जिना चढवत नाही बाळा."

"बरं बरं, पडून राहा तू. थांब, तुला उठायला नको, मी इथूनच लावतो."

भिंतीवरचा एसी टिंग करून वाजला. त्याची झडप हळूच उघडली आणि गार झोत पुन्हा थेट त्यांच्या अंगावर येऊ लागला. हजारो मैलांवरून लेकानं लावलेला.

"लागला ना? मी शहाजीला पाठवतो, येऊन बघून जाईल. काळजी घे गं," धवल म्हणाला.

शशिकलाबाईंनी चादर डोक्यावरून ओढली. तरी मनाला बरं वाटलं. लेकानं माणूस धाडला. माणूस येईल, विचारपूस करेल, डॉक्टरकडे नेईल. शहाजी मराठीच आहे. सांगोल्याकडचा, एकटाच इथं राहणारा, एसीची कामं करणारा. त्याच्याकडे गाडी आहे. धवलनं नेमका माणूस निवडला.

शहाजी दुपारी आला. एका हातात शिडी, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"काय मावशी, कुठला एसी बंद पडलाय?"

शशिकलाबाई दाराची कड धरून उभ्या होत्या. "हॉलचा," त्या म्हणाल्या.

शहाजीनं शिडी लावली, झडपेत हात घातला, रिमोट दाबून पाहिला. "ह्यो तर झकास चाललाय की! साहेबांचं ॲप येडं झालंय व्हय?" मग वळून त्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आँ? मावशी, तुमचं तोंड असं काय उतरलंय? बघू हात. आयला, चुलीवानी तापलाय की!"

"होईल कमी."

"साहेबांस्नी सांगितलं न्हाई?"

"सांगितलं."

"मग?"

"मग तुम्ही आलात."

शहाजीनं शिडीकडे पाहिलं, हातातल्या पेचकसाकडे पाहिलं, आणि उगाच खाकरला. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं कोरा चहा उकळला, आलं समजून हळदीचा तुकडा ठेचून घातला, ते कळल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या आणि तोच चहा 'औषधी हाय' म्हणून त्यांच्या हातात दिला. पिशवीतून तापाची गोळी काढून दिली. शशिकलाबाईंना हसू आलं. कित्येक दिवसांत त्यांच्यासमोर बसून कुणी एवढं बोललं नव्हतं.

"आता आलोच हाय तर वरच्या पाव्हण्यांच्या खोलीचा एसी बी बघतो," शहाजी उठत म्हणाला. "रातचा घरघरतोय म्हणले साहेब. दिवाळीला म्याडमचे आई-बाबा यायचेत न्हवं? म्हाताऱ्या माणसांस्नी आवाज सोसत न्हाई, आधीच नीट करून ठेव म्हणले."

"दिवाळीला," शशिकलाबाई म्हणाल्या.

"व्हय की. पार फेब्रुवारीपतूर. तिकिटं बी झाल्यात म्हणं. तुमास्नी ठावंच असंल."

"हो. ठाऊक आहे."

इतकी वर्षं त्या घरात वावरल्या, पण खोटं पहिल्यांदाच बोलल्या.

शहाजी जिना चढता चढता बोलतच होता. "तुमचं साहेब नशीबवान बघा मावशी. शेजारच्या व्हिलावाल्यांनी उन्हाळ्यात घर बघायला माणूस ठिवलाय, ह्या पल्याडच्यांनी कंपनीशी करार केलाय. ह्यांचं घरचंच माणूस हाय. घरचं माणूस असल्यावर करार कशापायी करायचा?"

तो त्यांचं कौतुकच करत होता. वरून त्याच्या शिडीचा आवाज आला, मग एसी उघडल्याचा, मग त्याच्या शिट्टीचा.

शशिकलाबाई चहाच्या कपाला दोन्ही हातांनी धरून बसल्या. सूर आपल्या आपण गळ्यात चढला.

राखणीला बसविली, आपली गं म्हणूनिया,
सणावाराचं ते पान, दुजीसाठी मांडूनिया.

तोंडातून निघण्याआधीच त्यांनी तो गिळला. आईनं आयुष्यभर लेकांना ओव्यांतून ओवाळलं होतं. लेकाची तक्रार त्या सुरात बसवायला त्यांची जीभ धजेना.

ताप दोन-तीन दिवसांत उतरला. अशक्तपणा राहिला आणि त्याच्याबरोबर विचार. एका दुपारी त्या वरच्या पाहुण्यांच्या खोलीत गेल्या. पाठीला बरी म्हणून मागवलेली जाड गादी, तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. नुपूर दरवर्षी म्हणायची, "आई, तुम्ही गार्गीच्या खोलीत झोपा, तिला तुमचा वास आवडतो." आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. कदाचित ते खरंही असेल. त्या प्लॅस्टिकवर टेकल्या, तर ते कुरकुरलं. भिंतीवर एसीचं बटण होतं. खालीही होतं. सगळी बंद करायची, दारं उघडायची आणि नाशकाचं विमान पकडायचं. आठवड्यात फरशी नावेसारखी वाकली असती. हात बटणापर्यंत गेलाही. पण बोटाखाली ते गार प्लॅस्टिक लागलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. या घराचे फिल्टर त्यांनी धुतले होते, खाचा कोरल्या होत्या. घरानं त्यांचं काय वाईट केलं होतं?

मग दुसरा विचार आला. त्याला आशा म्हणावं की खोड, कोण जाणे. समजा, घराला माझी गरजच उरली नाही. उन्हाळ्यात मी इथं असायलाच हवी असं कारण उरलं नाही. मग धवलला मला बोलवायचं झालं तर तो कशासाठी बोलावेल? मग मागं एकच कारण उरेल. मी त्याची आई आहे, एवढंच.

त्यांनी शहाजीला फोन लावला.

"माणसाशिवाय घर राहतं का हो उन्हाळाभर?"

"ऱ्हातं की. दमटपणा मोजायचं यंत्र येतं, जास्त झाला की आपणहून वढून घेतंय. हिरवळीला टायमर लावायचा, जाळ्यांस्नी झाकणं बसवायची. आठवड्यातनं एकदा आमचा माणूस येऊन बघंल. पण तुमाला कशाला पाहिजे त्ये?"

"पाहिजे. धवलशी बोलते मी."

धवल फोनवर घाईत होता. "हो हो, चांगलं आहे, बसवून घे," म्हणाला. पुढचे दिवस शशिकलाबाई शहाजीच्या मागं लागून घराला एकटं राहायला शिकवत होत्या. टायमर कुठं लावायचा, यंत्राचं पाणी कुठल्या मोरीत सोडायचं, टाकीवर सावली कशी धरायची. पोरीला सासरी पाठवण्याआधी सगळं शिकवावं तसं.

शाळा उघडायच्या तोंडावर मंडळी परतली. उन्हानं रापलेली, खूश. गार्गीनं बॅगा दारात टाकून आजीच्या गळ्यात उडी घेतली. नुपूरनं चप्पल काढून अनवाणी पायानं फरशीवरून चक्कर मारली आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. रात्रीच्या जेवणाला शशिकलाबाईंनी चिंचगुळाची आमटी केली होती. धवलनं ताटाशेजारी फोन उभा केला.

"नुपूर, हे बघ ना. दमटपणा, टेंपरेचर, कुठं पाणी गळत असेल तर तेही. सगळं इथं दिसतंय. शिवाय आठवड्याला माणूस येणार. आई, यू आर ग्रेट! म्हणजे पुढच्या वर्षी तुला असल्या उन्हात यायला नको."

शशिकलाबाई डाव हातात धरून थांबल्या. वाक्याला पुढचा अर्धा भाग असणार असं त्यांना वाटलं. धवलनं पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. वाक्य तेवढंच होतं.

"सो आजी विल कम इन विंटर नाउ, राइट?" गार्गी म्हणाली. "लाइक जयमाला आजी?"

नुपूरचा हात ताटावर थांबला. जयमाला तिची आई. "धवल, तू अजून सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो गं."

"कधी? मी जूनपासून म्हणतेय, त्यांना स्पष्ट सांग. नुसतं बघू, बघू." ती सासूकडे वळली. "आई, माझे आई-बाबा येतायत दिवाळीला. मला वाटलं, तुम्हाला माहिती आहे."

"माहिती आहे. शहाजीनं सांगितलं."

धवलनं मान खाली घातली. "आई, पाहुण्यांची खोली एकच आहे गं. सगळे एकदम म्हणजे..."

"मी गार्गीच्या खोलीत झोपेन. उन्हाळाभर तिथंच झोपते की."

"तेव्हा ती नसते ना इथं. आता मोठी होतेय. तिला तिची स्पेस लागते."

"आय डोन्ट नीड स्पेस," गार्गी म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

"अल नस्रला सोफ्यावर झोपायचे रे मी. चार जणांत कधी गर्दी झाली नाही तुला."

"ते वेगळं होतं." धवलनं पाण्याचा घोट घेतला. मग आवाज मऊ केला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. "असं कर ना, तू पुढच्या उन्हाळ्यातच ये. यंत्रं आहेत तर कामही नाही. मस्त निवांत राहा."

"उन्हाळ्यात तुम्ही असता का इथं?"

"नाही, पण घर..."

त्या शब्दावर तो अडखळला आणि त्याचे कान लाल झाले. लहानपणी खोटं पकडलं की असेच व्हायचे. शशिकलाबाईंना त्याची कीव आली, आणि आपल्याला अजूनही त्याची कीव येते याचा संताप आला.

"आमटी वाढू का?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकीट अलीकडचं करून घेतलं. नुपूर त्यांच्या बॅगेशी येऊन बसली. घडी घातलेल्या साडीची उगाच पुन्हा घडी घालत राहिली.

"रागावलात?"

"तुझ्यावर नाही."

"माझ्यावरही रागवा. माझ्या आईला मी इथल्या फिल्टरला हात लावू देणार नाही, आई. ती आली की तिला पाणीही हातात देते मी. आणि तुम्ही शिडीवर चढून फिल्टर काढायचात ते कॅमेऱ्यात दिसायचं मला." ती थांबली. "सोयीचं होतं, म्हणून काही बोलले नाही."

शशिकलाबाईंनी तिच्या हातातून साडी घेतली. "तू निदान आज बोललीस," त्या म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि नुपूरनंही ते मागितलं नाही.

डाळिंबी नऊवारी त्यांनी गार्गीला नेसवून पाहिली. कमरेचा दुमडलेला पट्टा उसवायची वेळ आली नव्हती, तो कसा उसवायचा ते नुपूरला दाखवलं. गार्गी आरशासमोर गोल फिरली, थांबली आणि आरशातूनच त्यांच्याकडे बघत, शब्द शोधत शोधत, मराठीत म्हणाली, "आजी, तू का जातेस?"

"तुझी जयमाला आजी येणार ना. तिला नमस्कार करून नाचायला उभी राहा."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर."

"नाही," शशिकलाबाई म्हणाल्या. "नाहीच ते उत्तर."

निघायच्या दुपारी धवल बॅग न्यायला आला. बॅगेची मूठ धरून उभा राहिला, पण उचलेना.

"एवढी काय घाई होती आई? आठ-दहा दिवस राहिली असतीस आमच्याबरोबर."

"घर माझ्यावाचून राहायला शिकलं. आता मीही शिकते."

"असं तोडून नको ना बोलूस. मी काय तुला नको म्हटलंय का?"

"नाही रे. तू फक्त बघू म्हटलंस."

तो बॅग घेऊन बाहेर गेला. शशिकलाबाईंनी देवाला हात जोडले, गार्गीच्या कपाळावर ओठ टेकवले, नुपूरनं वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या उन्हात आल्या. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली. सिमेंट चपलेतूनही भाजत होतं. धवलनं गाडी आधीच सुरू करून ठेवली होती, आतला एसी पुरा सोडून, उन्हात तापलेल्या सीटचा आईला चटका बसू नये म्हणून. असल्या बाबतींत तो पहिल्यापासून फार जपणारा. त्यानं पुढचं दार उघडलं, आईचा हात धरून तिला बसवलं, तिचा पदर दारात येऊ नये म्हणून आत सारला.

सीट गार होती. इतक्या उन्हाळ्यांत या घरचा गारवा पहिल्यांदाच कुणी त्यांच्यासाठी म्हणून तयार ठेवला होता, आणि तो विमानतळापर्यंतचा होता.